जपमाळेतले पाणी

मराठीत एक क्रियापद असे आहे की, त्याचा अर्थ समजण्यास कोश उघडावा लागत नाही, आणि ते उच्चारताना घरातील वडीलधाऱ्यांचा आवाज आपोआप खाली येतो. ते क्रियापद म्हणजे 'बाटणे'. ख्रिस्ती झालेल्या माणसास आपण पिढ्यान्‌पिढ्या 'बाटला' म्हणत आलो. आणि ज्या विधीने तो ख्रिस्ती झाला त्या विधीचे नाव काय, तर स्नान! वसईकडचे मराठी कॅथलिक त्यास 'स्नानसंस्कार' म्हणतात. प्रॉटेस्टंट मंडळी मूळ ग्रीक शब्दाला जवळ राहून 'बाप्तिस्मा' म्हणतात. एकाच कृतीला एका अंगणातून विटाळ म्हणावे आणि दुसऱ्या अंगणातून शुद्धी, असा हा प्रकार आहे. पोर्तुगिजांनी विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेले सारे गाव बाटले, ही उत्तर कोकणात सांगितली जाणारी कथा सर्वांनी ऐकलेली असेल. तिच्यात इतिहास किती, हा प्रश्न येथे नाही. त्या कथेतही बाटविण्याचे काम पाणीच करते, एवढेच येथे ध्यानात ठेवावयाचे आहे.

या पाण्याचा विचार आम्ही कधी गंभीरपणे केला असता असे वाटत नाही. तो करावा लागला तो बदलीच्या गावी. चरोदा हे दुर्ग जिल्ह्यातील, भिलाईला लागून असलेले, रेल्वेच्या मालगाड्यांच्या यार्डाभोवती वाढलेले गाव. 1956 पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, त्यामुळे मराठी माणूस येथे अगदीच परका नाही. पण सरकारी नोकराला येथे शेजार मिळतो तो साऱ्या हिंदुस्थानचा. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे कुटुंब जशपूरकडचे, उरांव कॅथलिक. त्यांच्या जिल्ह्यातील कुनकुरी येथे रोजरीच्या महाराणीच्या नावाने उभारलेले विशाल महामंदिर आहे, आणि त्या घरातील आजीच्या हातातून माळ क्वचितच सुटते.

एके रात्री त्या घरातील चार दिवसांचे मूल अचानक निळे पडू लागले. गाडी बोलावली होती, ती यावयाची होती. धर्मगुरू दूर होते. त्यांच्या नळाला पाणी नव्हते. आजी आमच्या दाराशी आली आणि तिने पाणी मागितले. आमच्या सौभाग्यवतींनी माठातून तांब्या भरून दिला. आजीने त्या पाण्याची तीनदा धार बाळाच्या मस्तकावर धरली, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे नाव घेतले, आणि बाळाला नाव दिले. गाडी आली. पहाट होण्यापूर्वी मूल गेले.

पुढे आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांस हे कळले, तेव्हा त्यांनी विचारले, "अरे, आपल्या घरच्या पाण्याने तुम्ही पोर बाटवू दिलेत?" त्या प्रश्नाला त्या क्षणी आमच्यापाशी उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे असे मानण्यास हरकत नाही.

तो गुरुवार होता. संध्याकाळी शेजारी माळ म्हणावयास माणसे जमली आणि आम्हीही उंबऱ्याजवळ सतरंजीवर बसलो. प्रार्थना हिंदीत चालली होती. आजीने सांगितले की आज 'ज्योति के भेद' म्हणावयाचे. मराठी कानाला 'भेद' या शब्दाने क्षणभर अडखळल्यासारखे होते, कारण आपल्याकडे भेद म्हणजे फरक किंवा फूट. तेथे मात्र भेद म्हणजे गूढ, ज्याला वसईकर 'रहस्य' म्हणतात. पहिला भेद होता यार्देन नदीतील येशूच्या स्नानाचा. ज्या घरात त्याच आठवड्यात तांब्याभर पाण्याने एक स्नान झाले होते, त्या घरात तो ऐकताना आमच्या मनात पहिला प्रश्न उभा राहिला तो टीकाकाराचाच होता: या जपमाळेच्या रचनेत स्नानाला नेमके स्थान कोणते?

रचना म्हणून पाहता रोजरी ही एक विलक्षण वस्तू आहे. बायबलातील स्तोत्रे दीडशे. मठवासी ती म्हणत. ज्यांस वाचता येत नव्हते अशा साध्या माणसांसाठी मध्ययुगात दीडशे स्तोत्रांच्या जागी दीडशे 'नमो मारिया' आल्या. दहा-दहांचे पंधरा गट झाले, आणि प्रत्येक गटाबरोबर ख्रिस्ताच्या किंवा त्याच्या मातेच्या चरित्रातील एक प्रसंग मनापुढे धरावयाचा अशी योजना स्थिर झाली. 1569 मध्ये पोप पायस पाचवे यांच्या आज्ञापत्राने या उपासनेच्या रूपाला मान्यता लाभली. पाच प्रसंग आनंदाचे, पाच दुःखाचे, पाच गौरवाचे. एका बैठकीत यांतील पाचच, म्हणजे एकूणाचा तिसरा हिस्सा म्हणावयाचा. म्हणून पोर्तुगीज भाषेत त्याला 'तेर्सू' हे नाव पडले, आणि गोव्याकडे आजही 'तेर्स' म्हणतात.

या पंधरा प्रसंगांत एक मोठी उडी होती. आनंदाचे शेवटचे रहस्य म्हणजे बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो ते. त्यानंतरचे पहिले दुःखाचे रहस्य गेथशेमनेच्या बागेतील वेदनेचे, मरणाच्या आदल्या रात्रीचे. मधला सारा काळ रिकामा. लूकच्या सांगण्याप्रमाणे येशूने कार्य आरंभिले तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. पण माळ ओढणाऱ्याच्या बोटांखालून तो तीस वर्षांचा पुरुष कधी जातच नसे. नदी नाही, उपदेश नाही, चमत्कार नाही. 1957 मध्ये माल्टा बेटावरील जॉर्ज प्रेका या धर्मगुरूंनी प्रकाशाच्या पाच रहस्यांची कल्पना मांडली होती. पुढे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 16 ऑक्टोबर 2002 रोजी काढलेल्या पत्राने ती पोकळी भरली. यार्देनमधील स्नान, काना गावचे लग्न, देवराज्याची घोषणा, रूपांतर आणि शेवटचे भोजन अशी पाच प्रकाशाची रहस्ये आली आणि त्यांस गुरुवार नेमून दिला गेला. ही भर ऐच्छिक आहे, हेही त्या पत्रात स्पष्ट केले होते.

या भरीवर रचनेच्या दृष्टीने आक्षेप घेतला गेला आणि तो पोकळ नाही. दीडशे स्तोत्रे व दीडशे मणी हा जुना मेळ मोडला. मण्यांची पूर्ण संख्या दोनशे झाली, आणि 'तेर्स' हा शब्द जरी राहिला तरी तिसरा हिस्सा आता चौथा झाला. शतकानुशतके घासून गुळगुळीत झालेल्या आकृतीत नवा तुकडा बसविणे हे धाडसच. आमच्या ओवीत कोणी पाचवा चरण घालू लागला तर आम्हीही कपाळाला आठ्या घालू. परंतु आक्षेपक आणि समर्थक या दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती ही की, 2002 पूर्वी जपमाळेत स्नान नव्हते. आमच्या मते हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे.

माळ कोठून सुरू होते? क्रूसाच्या खुणेपासून. कपाळ, छाती आणि दोन्ही खांदे यांस स्पर्श करीत उपासक पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे नाव घेतो. हेच नाव घेऊन त्याच्या मस्तकावर कधी काळी पाणी ओतलेले असते. तान्हेपणी ओतलेले असल्यास त्याला ते आठवतही नसते. त्यानंतर क्रूस हातात धरून तो प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणतो. या अंगीकाराचा उगम प्राचीन रोमच्या स्नानविधीत आहे. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला पित्याविषयी, पुत्राविषयी आणि आत्म्याविषयी प्रश्न विचारीत. प्रत्येक होकाराबरोबर त्याला एकदा पाण्यात बुडवीत. म्हणजे पहिला मणी बोटांत येण्यापूर्वीच माळ ओढणारा आपले स्नान शब्दांनी पुन्हा उच्चारून मोकळा होतो.

पुढेही पाहावे. दुःखाच्या पाचव्या रहस्यात येशू क्रूसावर मरतो. योहानाच्या शुभवर्तमानात तेथे त्याच्या कुशीतून रक्त आणि पाणी वाहते, आणि प्राचीन धर्मपित्यांनी त्या पाण्यात स्नानसंस्कार पाहिला. गौरवाच्या तिसऱ्या रहस्यात पवित्र आत्मा उतरतो, आणि प्रेषितांच्या कृत्यांप्रमाणे त्याच दिवशी सुमारे तीन हजार माणसांचे स्नान होते. जमिनीखालून वाहणारी नदी जशी जागोजागी विहिरींतून दिसावी, तसे हे पाणी जुन्या पंधरा रहस्यांतही होतेच. 2002 च्या पत्राने नदी आणली नाही. ती उघड्यावर आणली.

मात्र ती उघड्यावर आणताना तिला जे नाव मिळाले, त्या नावाविषयी आमची एक तक्रार आहे. 'प्रकाशाची रहस्ये' या शब्दाने भाविकांच्या मनात जे चित्र उभे राहते ते उघडलेल्या आकाशाचे, कबुतराचे आणि तेजाचे. लहान लहान प्रार्थनापुस्तिकांतून या रहस्याचे जे चिंतन आम्हांस वाचावयास मिळाले, त्यांत बहुतेक ठिकाणी एवढेच आढळले: आकाश उघडले, पित्याने पुत्राला प्रिय म्हटले, आपणही देवाची लेकरे झालो. हे खोटे नाही. पण अर्धे आहे. मत्तयाच्या वृत्तान्तात योहान प्रथम नकार देतो. ज्याला धुण्यासारखे काही नाही त्याने पापी लोकांच्या रांगेत उभे राहून याच पाण्यात का उतरावे, हा त्याचा प्रश्न. मूळ पत्रात याचे भान आहे: निष्पाप असलेला पाण्यात उतरतो तो आपल्यासाठी पापरूप झालेला म्हणून, असे ते सुचविते. पुढे येशू स्वतःच्या मरणाला 'बाप्तिस्मा' म्हणतो, हे मार्क आणि लूक या दोघांनीही नोंदविले आहे. आणि पौलाने रोमकरांस लिहिताना स्पष्टच सांगितले की, हे स्नान म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि त्याच्याबरोबर उठणे. तेव्हा यार्देनचे पाणी केवळ न्हाणीचे नव्हे. ते बुडविणारे पाणी आहे. त्याच्या एका काठावर मरण आहे, दुसऱ्या काठावर जन्म. गुरुवारची माळ शुक्रवारच्या माळेपासून, म्हणजे प्रकाशाची रहस्ये दुःखाच्या रहस्यांपासून तोडून वाचली, तर हा अर्थ हाती लागत नाही.

आणखी एक गोष्ट साहित्याच्या वाचकाने टिपण्यासारखी आहे. यार्देनच्या काठी मारिया नाही. चारही शुभवर्तमानांत त्या प्रसंगी तिचा उल्लेख नाही. या पाचांपैकी कानाचे लग्न सोडले तर ती मागेच राहते, हे पोपच्या पत्रातही मान्य केले आहे. तरी माळ ओढणारा तिचे नाव दहा वेळा घेतो, आणि डोळ्यांपुढे धरतो ती नदी. पुत्र घर सोडून गेला आहे, पाण्यात उतरला आहे, आणि तिकडे नासरेथला आई. तिला आकाशवाणी ऐकू आलेली नाही. जप तिचा आणि प्रसंग तिच्या नजरेआडचा, या विसंगतीत या रहस्याचे सारे कारुण्य साठविलेले आहे असे आम्हांस वाटते. त्या गुरुवारी सतरंजीच्या एका कडेला भिंतीला टेकून बसलेली त्या बाळाची आई आमच्या समोर होती. मुलावर पाणी ओतले गेले तेव्हा ती उठून उभी राहण्याच्या स्थितीत नव्हती. तिने ते पाहिले नव्हते, ऐकले होते.

माळ संपल्यावर आम्ही आजीला धीर करून विचारले की, ही प्रार्थना बाळासाठी होती काय? ती म्हणाली, "नाही बाबूजी, त्याच्यासाठी मागण्यासारखे आता काही उरले नाही. त्याचे सगळे झाले. माळ आमच्यासाठी."

धर्मशास्त्राचे ग्रंथ चाळूनही या विषयाचे याहून नेमके विवेचन आम्हांस मिळाले नाही. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे स्नानसंस्कार एकदाच होतो. तो पुन्हा करता येत नाही, पुसता येत नाही. त्याची खूण आत्म्यावर कायमची उमटते. गरज पडल्यास तो कोणीही देऊ शकतो. देणारा स्वतः ख्रिस्ती नसला तरी चालते, फक्त हेतू शुद्ध हवा आणि पाणी पाणी हवे. ते कोणाच्या माठातले, हे कोणी विचारत नाही. जे एकदाच घडले त्याच्यापाशी माणसाने रोज कसे परतावे? माळ हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. स्नान एकदा; स्मरण रोज. जपातील पुनरुक्तीला रटाळ म्हणणाऱ्यांच्या ध्यानात हे येत नाही की, जी गोष्ट पुन्हा करता येत नाही तीच पुन्हा पुन्हा आठवावी लागते.

मराठी वाचकास हे समजण्यास कठीण पडू नये. आपल्याकडे मुंज एकदाच होते, संध्या रोज करावयाची. आणि मुंजीने होणाऱ्या माणसास द्विज, दुसऱ्यांदा जन्मलेला, म्हणण्याची चाल आहे. निकदेमाला येशू पाण्याने व आत्म्याने नवा जन्म घेण्यास सांगतो, ते वाचताना हा शब्द आठवल्याखेरीज राहत नाही. पण साम्य येथेच थांबते. मुंज जातीने आणि लिंगाने बांधलेली आहे. तांब्यातली धार मुलीच्या, उरांवाच्या, कोणाच्याही मस्तकावर पडू शकते. याहून जवळची उपमा वारकऱ्यांची. 'त्याने माळ घातली' एवढे म्हटले की मराठी माणसास कळते की, तो पंढरीच्या वाटेला लागला, मांस सुटले, एकादशी आली. तेथे माळ हीच दीक्षा, आणि तीच रोजची खूण. कॅथलिकांनी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या: दीक्षा पाण्याने, आठवण माळेने. म्हणूनच त्यांची माळ आपल्या माळेसारखी दिसत असूनही तिच्या मुळाशी पाणी आहे हे आपल्या चटकन लक्षात येत नाही.

आता आपल्या वाङ्मयाकडे वळू. मराठीने हे पाणी फार पूर्वी पाहिले आहे. 1579 मध्ये गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 'ख्रिस्तपुराण' ओवीत रचले. ते 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. दोन पुराणे मिळून दहा हजारांहून अधिक ओव्या; दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचे सारे चरित्र. ज्या काळी जपमाळेत यार्देनला स्वतंत्र मणी नव्हते, त्या काळी साष्टीतील श्रोता ती कथा मराठी ओवीत ऐकत होता, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. माळेतील पोकळी पुराणाने भरली होती. स्टीफन्सने मराठीची एवढी थोरवी गायिली, तरी संस्कारांची नावे मात्र पोर्तुगीजच ठेवली. त्याची सावधगिरी समजते, कारण 'स्नान' म्हटले असते तर श्रोत्याला तीर्थावरचे रोजचे स्नान आठवले असते. पण त्यामुळे हा विधी मराठीत कित्येक काळ परक्या नावानेच वावरला, आणि परक्या नावाच्या वस्तूवर 'बाटणे' हा देशी शब्द चटकन बसला.

एकोणिसाव्या शतकापासून मराठीत या विषयाचे जे गाजलेले लेखन झाले ते बहुतेक प्रॉटेस्टंटांचे. तेथे जपमाळ नाही. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' असो की पंडिता रमाबाईंच्या 1883 मधील बाप्तिस्म्यावर झालेला वादंग असो, आपण त्यांकडे पाहिले ते फुटलेल्या घराची हकीकत म्हणून. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला, त्याची आपल्याला आठवण आहे ती लक्ष्मीबाईंच्या दुःखासाठी. पण 'स्मृतिचित्रे' नीट वाचली तर एक वेगळी गोष्ट दिसते. 1934 पासून भागाभागांनी निघालेल्या त्या ग्रंथात बाईंचे सोवळे आधी सुटते. माणसामाणसांतील भेद देवाने केलेला नाही हे त्यांस आधी पटते. 1900 मधील त्यांचे स्नान त्यानंतरचे. आणि ग्रंथाचा मोठा भाग त्या स्नानानंतरच्या आयुष्याचा आहे: गरिबीचा, परक्या मुलांना आपली म्हणण्याचा, प्लेगच्या दिवसांचा. हातात माळ नसतानाही हे रोजचे स्मरणच आहे. आपल्या टीकाकारांनी धर्मांतराचा क्षण फार तपासला. त्यानंतरची रोजची संध्याकाळ तपासली नाही. वसईच्या मराठी ख्रिस्ती लेखकांनी ती संध्याकाळ आपल्या भाषेत आणली, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांस 2020 च्या धाराशिव साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद देऊन मराठीने त्या अंगणाला आपले म्हटले. पण 'बाटणे' हे क्रियापद अद्याप आपल्या ओठांवरून गेलेले नाही.

एका बाजूने प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, त्या शब्दामागे केवळ द्वेष नाही, भयही आहे. सोळाव्या शतकात गोव्यात देवळे पडली, हे खरे आहे. सक्तीच्या पाण्याला स्नान म्हणता येणार नाही, आणि कॅथलिक शास्त्रही समजत्या माणसाची संमती आवश्यक मानते. पण एका काळच्या सक्तीची आठवण म्हणून साऱ्या काळच्या पाण्याला विटाळ म्हणणे, हे टीका नव्हे. ती सवय आहे.

बदलीच्या गावी राहणाऱ्या आम्हा नोकरदारांस एक लाभ असतो. आपले शब्द येथे कोणाला कळत नाहीत, म्हणून ते आपल्यालाच नव्याने ऐकू येतात. आमच्या आप्तांस आता आम्ही इतकेच लिहू इच्छितो की, त्या रात्री आमच्या माठातले पाणी बाटले नाही आणि त्याने कोणास बाटविलेही नाही. ते एका निळ्या पडलेल्या मुलाच्या मस्तकावर पडले आणि त्याला नाव मिळाले. तांब्या दुसऱ्या दिवशी आजीने घासून परत आणून दिला. तो आमच्या घरात रोजच्या वापरात आहे, आणि पलीकडच्या भिंतीतून दर गुरुवारी नदीचे रहस्य ऐकू येते.